कोणत्या पिंपळगावचा?

कोणीही गावाचं नाव घेतलं की पलटणवाले काका लगेच विचारायचे, "कोन्तं?" माझी बदली धामणगाव बढेच्या शाळेत झाली आणि मी त्यांच्या शेजारी राहायला आलो. पहिल्याच दिवशी मी जळगावचा म्हणून सांगितलं. हातातलं खुरपं थांबवून ते म्हणाले, "कोन्तं जळगाव? जामोद का खान्देशातलं? पुरं सांगत जा, मास्तर." शाळेत आम्ही मंडळी त्यांची टिंगल करायचो. सूर्य उगवला म्हटलं तरी काका 'कोन्ता' म्हणून विचारतील, हे मीच म्हणालो होतो. आज त्याची लाज वाटते.

महाराष्ट्र राज्य तेव्हा नवं नवं झालं होतं. काका मोठ्या लढाईत ब्रह्मदेशात पायदळात होते. आता मळ्यात वांगी-मिरच्या लावायचे. माल मात्र जवळच्या बाजारात कधी विकायचे नाहीत. बैलगाडी जुंपून दूरदूरच्या आठवडी बाजारांना जायचे. काकू वैतागायच्या. "यायले भाव नको, गाव पाह्यजे!" मी नुसता हसायचो, कारण मला काहीच ठाऊक नव्हतं.

एकदा बांधावर बसून काकांनी आपणच सांगितलं.

"पलटणीत आमी दोघंच वऱ्हाडातले. दुसरा एक डावखुरा पोरगा, तो पिंपळगावचा. बापासंगं भांडून पळून आलता, भरतीत नावबी खोटं सांगतलं. गोळी लागली तवा त्याचं डोकं माह्या मांडीवर होतं. पाणी पेला अन् म्हने, मायले सांगजो. मी हाव म्हनलं."

"मग?"

"कोन्तं पिंपळगाव, हे मी कदी इचारलंच नाही."

"का हो?"

"तिथं इतक्या दूर एकच पिंपळगाव होतं, मास्तर."

तुम्ही आमच्या भागातले असाल तर जाणताच. पिंपळगाव राजा, पिंपळगाव देवी, पिंपळगाव काळे, पिंपळगाव सराई. पिंपळगावांना तोटा नाही. नावच खोटं, म्हणून सरकारी कागदांत शोधून उपयोग नव्हता. मग ज्या बाजाराला अजून न विचारलेल्या एखाद्या पिंपळगावची माणसं येतात तो बाजार काका धरायचे आणि भाजी तोलता तोलता विचारायचे, "तुमच्या गावातून एखादा डावखुरा पोरगा बापासंगं भांडून गेलता का?"

लढाईत गेलेल्या एका पोराची माय इथं आहे, असा एका पिंपळगावातून निरोप आला, तेव्हा मीही त्यांच्यासोबत गेलो. ओसरीवर एक म्हातारी तूर निवडत होती. तिचा लेक लढाईत गेला होता खरा, पण पळून नव्हे. घरच्यांनीच त्याला भरतीला पाठवलं होतं, आणि तो तिथं मारला गेल्याची तारही आली होती. हा आपला नव्हे, हे काकांना दोन वाक्यांत कळलं. ते उठले. तेवढ्यात ती म्हणाली, "बापू, तवा माह्या पोराजवळ कोनी होतं का रे?"

काका परत खाली बसले.

"मी होतो ना, माय. माह्याच हातचं पाणी पेला."

म्हातारीनं त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला, तो बराच वेळ सोडला नाही. निघताना तिनं आम्हाला जेवू घातलं.

वाटेत मी चिडलो. "काका, खोटं कशाला बोललात?"

"आपल्यावाल्याच्या मायलेबी असंच कोनी तरी सांगतलं असंल," ते म्हणाले. मला ते पटलं, बरंही वाटलं. वाटलं, सुटले बिचारे एकदाचे. पण बैल थोडे पुढे गेल्यावर ते हळूच म्हणाले, "पन नसंल सांगतलं तं?"

पुढच्या आठवड्यात गाडी पुन्हा जुंपलेली होती.

काका गेले त्याला बरीच वर्षं झाली. त्यांना ती माय सापडली नाही. मला त्यांची फार आठवण येते, आणि आताशा कोणी पिंपळगावचं नाव काढलं की मीच विचारत बसतो. तुमच्या ओळखीच्या कुठल्या पिंपळगावातून एखादा डावखुरा मुलगा रागानं निघून गेला असेल, तर त्याच्या घरी जाऊन एवढंच सांगा: शेवटी त्याचं डोकं वऱ्हाडातल्याच माणसाच्या मांडीवर होतं.