तात्यांचा जोडीदार

ज्या वर्षी दिगू मुंबईहून परत आला, त्या वर्षी मी देवीशी बोलणं टाकलं होतं. दिवा लावत होते, फूल वाहत होते, पण मनातलं काही सांगत नव्हते. माझं माहेर चिपळूणचं, भर बाजारपेठेतलं. गावदेवीला गाऱ्हाणं घालायची सवय मला सासरी येऊन लागली, आणि लागली ती चांगलीच लागली. पुढे कित्येक वर्षं मी वाघजाईला घरातली बारीकसारीक गोष्ट सांगत आले, आणि तिनं काय दिलं, तर हाडांचा सापळा झालेला दीर. म्हणून मी रुसले. देवाशी रुसण्यात एक सोय असते. समजूत काढायला कोणी येत नाही, त्यामुळे हवं तितके दिवस रुसून राहता येतं.

दिगू माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन आले तेव्हा तो शाळेत जायचा, म्हणून मी त्याला अजूनही अरे-तुरेच करते. आमच्या घरात त्याच्याएवढं उंच कोणी नाही. यजमान जेमतेम माझ्याएवढे, सासूबाई तर त्याहून लहान. दिगू मात्र माजघराच्या चौकटीवर रोज डोकं आपटून घ्यायचा, आणि रोज चौकटीलाच शिव्या द्यायचा. हसरा, खादाड, थोडा आळशी मुलगा. मुंबईत एका छापखान्यात लागला, खोलीवर चार जणांत राहू लागला. कोकण रेल्वे सुरू होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, त्यामुळे आता तो सणावाराला पटकन येईल असं आम्हाला वाटत होतं. तो येईनासा झाला.

आला तेव्हा स्टेशनवर यजमानांनी त्याला आधी ओळखलंच नाही. सासूबाईंना वाटलं कावीळ, शेजारणीला वाटलं क्षय. मीठमिरच्या ओवाळून झाल्या. घरी येऊन एक-दोन दिवस होतात न होतात, तोच त्याचं नाक गळायला लागलं, अंग मोडून येऊ लागलं, पडल्यापडल्या तो पाय झाडू लागला. शेवटी सासूबाईंच्या पायांवर डोकं ठेवून म्हणाला, "आई, मला गर्दची सवय लागलीय." सासूबाईंना तो शब्द ठाऊक नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला ठाऊक होता, गर्द म्हणजे नशेची पूड, आणि ते त्यांना समजावून सांगणं हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड बोलणं ठरलं.

रत्नागिरीत एका डॉक्टरबाईंकडे आम्ही त्याला नेलं. त्यांनी ना नाक मुरडलं, ना उपदेश केला. दवाखान्यात ठेवून घेतलं, औषधं दिली, हळूहळू त्याचं अंग शांत झालं. घरी सोडताना त्या मला म्हणाल्या, "औषधानं शरीर सुटलंय. पण सकाळी उठायचं ते कशासाठी, हे मला चिठ्ठीवर लिहून देता येत नाही. ते तुम्हा सगळ्यांना मिळून शोधावं लागेल." वेळेवर जेवण, ऊन, घाम येईल असं काम, आणि आठवड्यातून एकदा शहरात व्यसन सोडलेली माणसं एकत्र बसून बोलतात तिथं जायचं, हे त्यांनी सांगितलं. सुरुवातीला एकटा सोडू नका, हेही सांगितलं.

मग आमच्या घरात उपायांची जत्रा भरली. जो येई तो काही ना काही सांगून जाई. सासूबाई पहाटे पेज आणि आमसुलाचं सार घेऊन त्याच्या उशाशी बसत. एका वैद्यांनी तेल दिलं, ते यजमान एसटीच्या ड्युटीवरून आले की त्याच्या पायांना चोळत. माझ्या भावानं योगासनांचं पुस्तक पाठवलं, त्यातली चित्रं बघून दिगू म्हणाला, "वहिनी, हा माणूस माझ्यापेक्षा जास्त आजारी दिसतो." तेवढाच तो त्या दिवसांत हसला. यातलं काहीच वाया गेलं असं मी म्हणणार नाही. अन्न अंगी लागलं, झोप थोडी परत आली. पण डोळ्यांत कोणी नव्हतं. बसवला तिथं बसायचा, उठवला की उठायचा. मी त्याच्या खोलीला बाहेरून कडी लावून घेतली होती, आणि दुपारी जरा डोळा लागला तरी त्या कडीच्या आवाजाकडे माझा कान असे. तो पुन्हा त्या वाटेला गेला तर यावेळी परत येणार नाही, हे डॉक्टरबाईंनी न सांगताही मला कळत होतं.

गणपती होऊन गेल्यावर एका सकाळी तात्या आले. तात्या आमच्या वाडीतले, साठी ओलांडलेले, आणि गावातले सगळ्यात उंच गृहस्थ. शिमग्यात देवीची पालखी घरोघर जाते तेव्हा आमच्या वाडीत पालखीचा पुढचा खांदा वर्षानुवर्षं त्यांचा. आमच्याकडे पालखी दोघं जण उचलतात, एक पुढे, एक मागे. दोघांची उंची सारखी हवी, नाहीतर पालखी एका बाजूला कलते आणि आतली देवीची रूपं, म्हणजे मुखवटे, सरकतात. तात्यांचा मागचा जोडीदार त्या पावसाळ्यात गुडघ्यांनी बसला आणि लेकीकडे राहायला गेला. आता तात्यांच्या उंचीचा माणूस गावात उरला नव्हता. म्हणजे एक होता, पण त्याला आम्ही कडी लावून ठेवला होता.

"सुनबाय, तुजा दीर कुटं हाय? त्याची उंची बगायची हाय," तात्या म्हणाले. मी दिगूला बाहेर आणलं. तात्यांनी त्याला आपल्या मागे उभं केलं आणि दोघांच्या खांद्यांवर माझी कपडे वाळत घालायची काठी आडवी ठेवायला लावली. काठी सरळ राहिली. तात्यांनी मान वळवून एकदा पाहिलं आणि म्हणाले, "जमला." मी त्यांना बाजूला घेतलं. म्हटलं, "तात्या, ह्याचं काय झालंय ते तुम्हाला ठाऊक आहे ना?" ते म्हणाले, "गावात कोनाला ठाऊक नाय गो? माजं काम त्याच्या उंचीशी हाय." मी इतकी चिडले की त्यांना चहासुद्धा विचारला नाही. पण दिगूच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी काहीतरी हललं होतं. त्याला बरं करायला सगळे येत होते. त्याची गरज आहे म्हणून आलेला हा पहिलाच माणूस.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी तात्या त्याला घेऊन सड्यावर, वरच्या कातळाच्या माळावर, जाऊ लागले. एक जाड बांबू, त्याच्या मध्यावर दोरीनं बांधलेला जांभ्या दगडाचा चिरा, पुढे तात्या, मागे दिगू, दोघं अनवाणी. पालखीचा नेम शिमग्यात काही दिवसच असतो, पण तात्यांनी तो दिगूला तेव्हापासूनच लावला. पायात चप्पल नाही, विडी-तंबाखू नाही, आंघोळ केल्याशिवाय बांबूला हात नाही. मी पहिले काही दिवस पाळतीवर म्हणून मागोमाग जात असे. चिरा सारखा झोके खायचा. दिगू दोन्ही हातांनी बांबू आवळून धरायचा, आणि तो जितका आवळायचा तितका चिरा जास्त हलायचा. तात्या मागे न बघता सांगायचे, "हातानं धरू नको. खांद्यावर बसू दे तिला. तू निस्ता चाल, आनि माज्या श्वासासंगं श्वास घे." चिऱ्याला ते 'ती' म्हणत, मला हसू यायचं. एके दिवशी चिरा हलायचा थांबला. दोघं सड्याच्या टोकापर्यंत गेले आणि परत आले, आणि दिगूचे दोन्ही हात मोकळे लोंबत होते. मी तिथंच वाळक्या गवतात बसून रडले.

एकदा तात्या जरा लवकर आले आणि मी कडी काढताना त्यांनी पाहिलं. म्हणाले, "भाह्येरनं कडी लावलेला मानूस पालकी कशी उचलनार?" त्या दिवसापासून मी कडी लावली नाही, पण कान मात्र तिथंच राहिला. डॉक्टरबाईंना हे सगळं सांगितलं तेव्हा त्या मनापासून हसल्या. "हे औषध माझ्याकडे नाही. बंद करू नका. आणि माझंही बंद करू नका," म्हणाल्या. तसंच चाललं. गोळ्या, पेज, तेल, शहरातली आठवड्याची बैठक आणि सड्यावरचा चिरा. त्यातल्या कशानं किती काम केलं हे मला विचारू नका. दिगू पुन्हा चौकटीला शिव्या देऊ लागला, एवढं मला कळलं.

शिमगा आला. मानकऱ्यांत थोडी कुजबुज झाली होती, पण नेम पाळणाऱ्याला अडवायचं नाही असं गुरवांनीच सांगितलं आणि विषय मिटला. मुंबईची माणसं आली, बंद घरं उघडली. आणि त्यांच्यातच पलीकडच्या वाडीतला, दिगूच्या खोलीवर राहणारा, त्याला ती पुडी पहिल्यांदा दाखवणारा मित्रही आला. शिमग्याला कोणी येऊ नये असं कसं म्हणणार? शिमगा तर सगळ्यांचा. यजमानांना जादा गाड्यांमुळे सुट्टी नव्हती. घरात पुरुष माणूस एकटा दिगू.

सकाळपासून दिगू आणि तात्यांनी पालखी अशी नेली की बायका दारात उभ्या राहून बघत होत्या. आमच्या अलीकडच्या घरी पालखी बसली, तिथं ओट्या भरणं चाललं होतं, तेव्हा मी आमच्या खळ्यातून, म्हणजे अंगणातून, पाहिलं, मित्रानं दिगूच्या खांद्यावर हात टाकला आणि दोघं काजूच्या झाडांमागे गेले. माझ्या हातात ओटीचं ताट होतं. पाय धावायला निघाले होते. ताट टाकून जावं, त्याला दंडाला धरून आणावं, पुन्हा कडी लावावी. आणि मला सड्यावरचे ते मोकळे हात आठवले. मी गेले नाही. अंगात बळ होतं म्हणून नव्हे, बळ संपलं होतं म्हणून. कित्येक महिन्यांनी मी देवीशी बोलले. म्हटलं, आई, माझ्याच्यानं हा आता धरवत नाही, तूच बघ.

पालखी उठली. दिगूच्या जागी मागे दुसरा, ठेंगणा माणूस लागला. पालखी कलू नये म्हणून तात्या गुडघे वाकवून चालत होते. तशीच ती आमच्या खळ्यात आली आणि थांबली. आमच्या गावची रीत अशी, की घरच्या माणसाचा खांदा लागल्याशिवाय पालखी उंबरा ओलांडत नाही, आणि एकदा उचललेली पालखी उघड्या जमिनीवर टेकवायची नाही. ढोल थांबला. कोणी म्हणालं, पुढच्या घरी जाऊ, देवी इथं उद्या येईल. तात्या म्हणाले, "घरचा मानूस हाय घरात. येतोय तो." ऊन डोक्यावर आलं होतं. त्यांच्या पायांची थरथर मला दिसत होती. सासूबाई माझा पदर धरून उभ्या होत्या.

दिगू विहिरीच्या बाजूनं आला. डोक्यापासून पायापर्यंत ओला, सदऱ्यातून पाणी गळत होतं. कोणाकडे न बघता तो मागच्या दांडीखाली शिरला. ठेंगणा माणूस बाजूला झाला, तात्यांचे गुडघे सरळ झाले, आणि पालखी सरळ झाली. ढोल वाजला. मी ओटी भरली तेव्हा माझ्या हातातले तांदूळ अर्धे खाली सांडले, आणि कोणी मला हसलं नाही.

नंतर त्यानं मला सांगितलं. मित्रानं पुडी तळहातावर ठेवली होती, मूठ मिटलीही होती. "मग ढोल थांबला, वहिनी. मला वाटलं, तात्यांचे गुडघे वाकले असतील. ते किती वेळ तसे उभे राहतील?" पुडी त्यानं मित्राच्याच खिशात परत कोंबली आणि विहिरीवर गेला, कारण त्या हातांनी दांडीला शिवायचं कसं, हा प्रश्न त्याला पडला होता. मला या उत्तराचं अजून नवल वाटतं. आम्ही सगळ्यांनी त्याला त्याच्या जिवाची भीती घातली होती. त्याला परत आणलं ते दुसऱ्याच्या गुडघ्यांच्या काळजीनं.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. वाईट दिवस आले, एकदोनदा डॉक्टरबाईंकडे धावावंही लागलं. पण सकाळी उठायचं कशासाठी, हा प्रश्न पुन्हा आला नाही. आता तो रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या बंदराजवळ बर्फाच्या कारखान्यात कामाला आहे, लग्न झालंय, बायको त्याच्या कमरेएवढी आहे आणि तिची थट्टा मी करते. शहरातल्या त्या आठवड्याच्या बैठकीला तो अजून जातो, आता नव्यानं आलेल्यांशी बोलायला. मी देवीला पुन्हा सगळं सांगते, फक्त आता अमुकच कर असं सांगत नाही. आपल्या हातात असेल तेवढं करावं, आणि मग हात मोकळे सोडावेत. हे मी चिऱ्याकडून शिकले. डॉक्टरबाईंना, सासूबाईंच्या पेजेला आणि त्या ओल्या सदऱ्याला मी रोज हात जोडते.

तात्यांनी आता पालखी सोडली आहे. संध्याकाळी ते आमच्या पडवीत येऊन बसतात, आणि मी चहा आता न विचारताच देते. एकदा मी त्यांना विचारलं, "तात्या, त्या दिवशी तुम्ही येतोय येतोय म्हणत उभे राहिलात. तो येणार हे तुम्हाला ठाऊक होतं?"

तात्यांनी बशीतला चहा संपवला. "नाय गो," ते म्हणाले. "पन पालकी खाली ठेवायची नसते."