दाखल्यावरचं गाव

भाषेच्या वर्गात नाव घालायला मला जवळपास आठ महिने लागले. त्यातले बरेचसे माझ्यामुळेच गेले.

नवऱ्याच्या नोकरीसाठी आम्ही जर्मनीतल्या एका लहानशा गावात राहायला गेलो, तेव्हा मला तिथल्या भाषेत नमस्कार आणि आभार एवढंच येत होतं. दही समजून मी दोनदा भलताच डबा घरी आणला. सरकारी मदतीवर चालणारा भाषेचा वर्ग घरापासून चालत दहा मिनिटांवर होता, पण त्यात बसायचं तर परदेशी लोकांच्या कचेरीचं परवानगीपत्र लागायचं. त्या कचेरीची नुसती वेळ मिळायलाच पाच आठवडे गेले.

तिथल्या बाई वयानं मोठ्या होत्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. त्यांनी माझे कागद एकेक करून पाहिले आणि सावकाश इंग्रजीत विचारलं, "जन्माचा दाखला?"

तो माझ्याकडे नव्हता. पासपोर्टाच्या वेळी शाळेच्या दाखल्यावर भागलं होतं. "आणा, मग पुढचं बघू," म्हणून त्यांनी पुढची तारीख दिली.

घरी आल्यावर नवरा म्हणाला, "जामखेडच्या दवाखान्यात झालीस ना तू? मग नगरपरिषदेत नोंद असणारच. आईंना सांग, आठवड्यात होईल काम."

मी हो म्हटलं.

माझा जन्म जामखेडच्या दवाखान्यात झालेला नाही. माझे आईवडील ऊसतोडीला जायचे. शेवगाव तालुक्यातल्या एका गावाबाहेर, तोडणीच्या मजुरांनी उसाच्या पाचटाच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, घातल्या होत्या, त्यातल्या एका कोपीत मी जन्मले. आदल्या दिवसापर्यंत आई मोळ्या बांधत होती. शाळेत नाव घालताना गुरुजींनी जन्मगावाच्या रकान्यात आमचा तालुका म्हणून जामखेड लिहिलं आणि तेच पुढं सगळीकडे गेलं. तिथपर्यंत माझा काही दोष नव्हता. पण नगरला कॉलेजच्या होस्टेलवर मैत्रिणींनी विचारलं, तेव्हा त्या जामखेडला मी एक दवाखाना जोडला. पुण्यात नोकरीला लागले तेव्हा तो तसाच राहिला. लग्न ठरताना सासूबाईंना तर मी प्रेमळ डॉक्टरीणबाईसुद्धा वर्णन करून सांगितली. वडील ऊसतोडीला जायचे हे नवऱ्याला ठाऊक होतं, पण ते माझ्या जन्माआधीचं, असं मीच त्याला सांगून ठेवलं होतं.

आईला फोन केला तेव्हा तो समोरच बसला होता.

"आई, जामखेडला नगरपरिषदेत जा. माझ्या जन्माची नोंद काढायची आहे."

"जामखेडला?" आई म्हणाली. "अगं, जामखेडला कशी घावंल? तू तर तिकडं..."

"आई, मी सांगते तेवढं कर ना."

"बरं," ती म्हणाली.

वाटलं असतं तर तासाभरानं स्वयंपाकघरातून मी पुन्हा फोन करू शकले असते. केला नाही. मला खरंच वाटत होतं की कुठूनतरी, कसातरी जामखेडचा दाखला निघेल. इतकी वर्षं सांगून सांगून बहुतेक माझाच त्यावर विश्वास बसला होता.

आई साठीला टेकलेली, वडील जाऊन चार वर्षं झालेली. एप्रिलच्या उन्हात ती आमच्या वस्तीवरून डांबरी रस्त्यापर्यंत चालत यायची आणि एसटीनं जामखेडला जायची. पहिल्या खेपेला साहेब मीटिंगला गेले होते. दुसऱ्या खेपेला अर्ज लिहून आणायला सांगितला. आईला लिहिता येत नाही, तर बाहेर टायपिंगवाल्याकडून तिनं तो लिहून घेतला, तोवर खिडकी बंद झाली. तिसऱ्या खेपेला माझ्या जन्माच्या वर्षाचं रजिस्टर निघालं, पण त्यात माझं नाव नव्हतं.

"मागचं-पुढचं वर्ष बघायला सांगायचं," मी म्हणाले. "तू तिथं जाऊन गप्प बसतेस. ठाम बोलायला शिक जरा. इथं माझा वर्ग अडलाय."

"व्हय, सांगते," आई म्हणाली.

चौथ्या खेपेला मागची-पुढची वर्षंही पाहून झाली. कारकून भला माणूस असावा. त्यानं आईला पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "मावशी, पोरगी नक्की इथंच झाली का? का दुसरीकडं कुठं?"

"मग तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"व्हय म्हनले. हितंच झाली म्हनले."

माझी आई खिडकीवरच्या माणसाला कधी खोटं सांगत नाही, रेशनच्या रांगेतसुद्धा नाही. तेव्हाच तिला म्हणायला हवं होतं, जाऊ नकोस आता. मी म्हणाले, "बरं, बघू."

त्यानंतर दोन दिवस तिचा फोन लागेना. तिसऱ्या दिवशी शेजारच्या वहिनींच्या मोबाईलवरून फोटो आला. जन्माचा दाखला होता. त्यावर शेवगाव तालुक्यातल्या त्या गावाचं नाव होतं.

आई मला न विचारता तिकडे गेली होती. नगरला गाडी बदलून शेवगाव, आणि तिथून वडापच्या जीपनं गाव. ग्रामसेवक दुसऱ्या दिवशी येणार होते, म्हणून ती तिथं मुक्कामाला राहिली. मी जन्मले तेव्हा ज्या बाईनं वस्तीवरून गरम पाणी पाठवलं होतं, तिच्याच घरी. माझ्या वडिलांनी त्या वेळी तोडणीचा खाडा करून ग्रामपंचायतीत नोंद केली होती. रजिस्टरच्या पहिल्याच पानावर ती सापडली.

"गावात कुनाला सांगितलं न्हाई बरं," आई फोनवर म्हणाली. "लग्नाला गेल्ते म्हनून सांगितलं."

मूळ कागद कुरिअरनं आला. मी त्याचं भाषांतर करून घेतलं आणि नवऱ्याला फक्त "आला" एवढंच म्हणाले. कचेरीत तो माझ्याबरोबर आला होता. बाईंनी दाखल्याचं भाषांतर आणि माझा पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवले आणि बोट फिरवलं.

"इथं एक गाव आहे, तिथं दुसरं. असं का?"

चूक झाली, असं म्हणता आलं असतं. पण मला चार खेपा घालणारी आई दिसत होती. मी इंग्रजीत म्हणाले, "माझे आईवडील ऊस तोडायचे. कामाच्या जागी, शेताच्या कडेला झोपडीत माझा जन्म झाला. शाळेत चुकीचं गाव लिहिलं गेलं. ते मला पहिल्यापासून माहीत होतं."

बाईंनी मान हलवली आणि काहीतरी टाईप केलं. हेच लिहून, सही करून द्या, म्हणाल्या. त्या खुलाशाला मंजुरी मिळेपर्यंत वर्ग सुरू होऊन गेला. मला पुढच्या तुकडीत जागा मिळाली.

बसथांब्यावर नवऱ्यानं बसची वेळ पाहिली. मग म्हणाला, "कोपीत जन्मलीस, त्यात काय एवढं? पण आईंना उन्हात चार वेळा जामखेडला पाठवलंस, ते कशासाठी? मला कळू नये म्हणून?"

तो रागावला असता तर बरं वाटलं असतं. ज्याच्यापासून लपवायला मी एवढं सगळं केलं, त्याच्या लेखी ते लपवण्याजोगं नव्हतंच.

दिवाळीत घरी गेले. आई अंगणात बसून शेंगा फोडत होती. मी शेजारी बसले आणि म्हणाले, "आई, जामखेडला नोंद नाही हे मला ठाऊक होतं. तरी तुला पाठवलं. चुकलं माझं."

तिनं हात न थांबवता माझ्याकडे पाहिलं. "मला वाटलं, नवा काही कायदा आला आसंल. तू शिकलेली. तुला म्हाईत आसंल म्हनलं."

ती खरंच तसं समजली होती, की मला वाचवत होती, हे तिच्या चेहऱ्यावरून कळेना. विचारायचा धीर मला झाला नाही. मी सुपातल्या थोड्या शेंगा माझ्याकडे ओढल्या आणि फोडायला लागले.