बेडकाची पाठ

आमच्या कुत्र्याला मी गुणी म्हणत नाही, हुशार म्हणते. काटेवाडीच्या शिवारात आमचं घर उसाला लागून आहे, त्यामुळे परसात सारखं काही ना काही फिरत असतं. मुंगूस दिसलं की कुत्रा जागेवरूनच गुरगुरतो. एकदा नाकावर ओरखडा खाल्लाय. धामण निघाली तर अंतर राखून मागं चालतो आणि बांधापर्यंत पोचवून परत येतो. टिटवीनं कांद्याच्या वाफ्याशेजारी अंडी घातली, तेव्हा तिनं डोक्यावरून असे सूर मारले की पिल्लं निघून जाईपर्यंत हा लांबून वळसा घालायचा. कुणाशी कसं वागायचं हे त्याचं त्यानंच ठरवलं. फक्त बेडकाचं त्याला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

गोठ्यातल्या दिव्याखाली पावसाळ्यात किडे पडतात. ते खायला संध्याकाळी एक बेडूक यायचा. मुठीएवढा, खडबडीत पाठीचा, अजिबात घाई नसलेला. जीभ बाहेर आलेली दिसायचीसुद्धा नाही, किडा तेवढा गायब. कामाचा प्राणी, म्हणून मी त्याला कधी हाकललं नाही.

त्या संध्याकाळी धारा काढून झाल्या होत्या आणि मी अंगणात किटली धूत होते. कुत्रा गोठ्यातून बाहेर आला तो मान झटकत, पंजानं तोंड खरवडत. जबड्यातून पांढरा फेस गळत होता. शेजारच्या वस्तीवरचे तात्या, माझे चुलत सासरे, दूध न्यायला आले होते. त्यांनी भांडं खाली ठेवलं आणि भिंतीला टेकवलेली काठी उचलली.

"सूनबाय, मागं हो. पिसाळलंय ते."

तात्या उगाच घाबरणारा माणूस नाही. त्यांची म्हैस कुत्रं चावून पिसाळली होती, आणि तिचे हाल त्यांनी शेवटपर्यंत पाहिले होते. मीही किटली सोडून उठले. कुत्र्याला लस दिलेली होती, पण समोर फेस दिसत असताना लसीवर किती भरवसा ठेवणार?

"तात्या, थांबा जरा."

"थांबून काय बघायचंय? जनावरं हायती हितं, माणसं हायती."

"आत्ता तर भाकरी खाल्ली त्यानं. पिसाळायला काय बटण दाबलं व्हय?"

"मग फेस कशाचा? साबण खाल्ला?"

"बघून येते. तोवर काठी चालवायची नाही."

"आन् माझ्या अंगावर आलं तर?"

"आलं तर चालवा."

गोठ्यात दिव्याखाली बेडूक बसला होता, फुगून दुप्पट झालेला. पाठ ओली होती आणि तिच्यावरून लाळेची तार लोंबत होती. तिथूनच मी जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, बेडूक तोंडात धरला असेल. त्याच्या कातडीतून विषारी चीक निघतो. कुत्र्याचं डोकं खाली धरून तोंड धुवा, पाणी घशात जाऊ देऊ नका, झटके आले तर तसाच उचलून आणा.

दोन्ही हातांना जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधून मी कुत्र्याची मान धरली.

"तात्या, नळ सोडा."

"चावला तर मला सांगू नगं," असं म्हणत त्यांनी नळ सोडला. काठी मात्र काखेत धरून.

पाइपचं पाणी मी एका बाजूनं जबड्यात सोडत राहिले. कुत्रा वळवळला, ओरडला, पण दात लावला नाही. त्याचं मला कौतुक वाटलं. हळूहळू फेस पातळ झाला, मग थांबला. तो अंगणात आडवा पडून धापा टाकू लागला.

मी तात्यांना गोठ्यात नेऊन बेडूक दाखवला. ते वाकून बघत राहिले. "ह्याला ना दात, ना नख्या," ते म्हणाले, "आन् एवढ्या धुडाला आडवं केलं!" तरी घरी जाताना बजावून गेलेच, "बांधून ठेव. माझी खात्री पटू दे."

मला ते रास्त वाटलं. खात्री मलाही हवी होती. कुत्र्याला गोठ्याच्या दाराशी साखळी लावली. तात्या दुधाला आले की आधी त्याच्याकडे बघायचे: पाणी पितो का, लाळ गळते का, डोळे कसे आहेत. दिवस गेले. कुत्रा खात होता, पीत होता आणि सुटका मागत होता.

आणि बेडूक नेमानं येत होता. एका संध्याकाळी तो किडे टिपत टिपत थेट कुत्र्याच्या पुढ्यात येऊन बसला. कुत्र्यानं पाय पोटाशी घेतले, साखळी ताणली जाईपर्यंत मागं सरकला आणि तोंड भिंतीकडे केलं. दुधाचं भांडं हातात धरून तात्या हे बघत होते.

"सूनबाय, एका घासात एवढी अक्कल मला बी कधी आली न्हाय."

ते खाली बसले आणि कुत्र्याच्या जबड्याशी उघडा हात नेऊन त्यांनी पट्ट्याची कडी स्वतःच काढली.