आधी पडायला शीक

नारळी पुनवेला आंजर्ल्याच्या पोरांशी हुतुतूचा सामना, आणि मला संघात घ्यायला कोणी तयारच नव्हतं! धावायला मी आमच्या हर्ण्यात सगळ्यांच्या पुढं, पण आदल्या सालच्या सामन्यात धरला गेलो, हात टेकून पडलो आणि कोपर निखळलं. संघाचा म्होरक्या माझा चुलतभाऊच. तो म्हणाला, "परत मोडलास तर काकी माझं डोचकं फोडील. तालमीत जा. वस्ताद हो म्हणाले तरच खेळवीन."

गेलो! पावसाळ्यात आगबोट बंद, होड्या वर ओढलेल्या, आम्हा कोळ्यांच्या पोरांना वेळच वेळ. मला वाटलं, वस्ताद धोबीपछाड शिकवतील, ढाक शिकवतील. छे! पहिल्याच सकाळी त्यांनी मला लाल मातीत ढकललं. "ऊठ." परत ढकललं.

"मेल्या, दर खेपेला हात कशाला पसरतोस? काय धरायला बघतोस?"

तेव्हा मला कळलं. होडीत पाय सरकला की आमचा हात आधी दोरीकडं जातो. लहानपणापासूनची सवय! पण जमिनीवर दोरी कुठली? हात रिकामाच जातो आणि सगळं अंग त्याच्यावर येतं.

"इथं दोरी नाय. हनुवटी छातीला लाव, खांद्यावरनं गोल जा," वस्ताद म्हणाले.

मग रोज तेच. बाकीचे जोर काढायचे, कुस्ती धरायचे, आणि मी आपला पडतोय! पोरं ओरडायची, "फणस पडला रे!" असा संताप यायचा, पण सोडलं नाही. घरी ओटीवरसुद्धा पडायचो. आई म्हणायची, "अंगात आलंय याच्या." हळूहळू दम वाढला, मान घट्ट झाली, आणि मुख्य म्हणजे पडायची भीतीच गेली.

पुनव जवळ आली तशी वस्तादांनी दोघा दांडगटांना सांगितलं, "याला उचलून आपटा." आपटलं. मी गोल फिरून उभा! दारात चुलतभाऊ बघत होता, त्याला वस्ताद म्हणाले, "घेऊन जा."

सामन्यात हुतुतू म्हणत घुसलो, एकाला शिवलो, तोच दुसऱ्यानं मागून कंबरेला मिठी घातली. मी झगडलोच नाही. त्याच्यासकट पडलो, खांद्यावरनं गोल गेलो, हुतुतू चालूच, आणि टाच रेषेवर! दोघं बाद!

चुलतभावानं माझ्या पाठीवरची माती झाडली. "दम घे जरा," तो म्हणाला. "पुढच्या पाळीला पण तूच जायचंस."