आवक रजिस्टरमधल्या दोन कोऱ्या ओळी

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण घरी भाकरी थापायला बसले की हटकून आठवते ती एका कोटेशनची चौकशी.

मी तेव्हा सोलापुरातल्या एका पोलीस ठाण्यात निरीक्षक होते. सकाळी हजेरी, मग स्टेशन डायरी, मग रात्रपाळीच्या अंमलदाराचं गाऱ्हाणं आणि त्यानंतर अर्जदार, असा माझा क्रम. त्या कळकट खोलीत दिवसभर माणसं येत. कोणी रडत, कोणी भांडत, कोणी नुसतीच बसून राहत. निवृत्त होऊन काही वर्षं झाली, तरी सकाळी नऊ वाजता मला घर जरा जास्तच शांत वाटतं.

त्या दिवशी आलेली बाई मोहोळची होती. वय चाळिशीचं, एका बचत गटाची अध्यक्ष. गटातल्या तेरा जणी ज्वारीच्या भाकरी करून विकायच्या. मुलींच्या एका शासकीय वसतिगृहाने रोजच्या भाकरीसाठी बंद पाकिटात कोटेशन मागवले होते. मुदत दुपारी तीनपर्यंत. गटाचं पाकीट न फोडताच परत आलं होतं. वर शेरा होता : ‘मुदतीनंतर प्राप्त, ३.२०.’ काम शहरातल्या एका पुरवठादाराला गेलं होतं.

“म्याडम, मी अडीचलाच दिलं पाकीट. देऊन लगेच माघारी गेले,” ती म्हणाली. “त्यांनी येळ मुद्दाम बदलून लिवली.”

“पोच घेतली?”

“न्हाय. ती मागायची असती हे कुटं ठावं हुतं?”

तेरा जणींच्या वर्षभराच्या कामाचा प्रश्न होता. मी अर्ज ठेवून घेतला आणि तिला पाठवलं.

दुपारी ठाण्याच्या फोनवर एक पुरुषी आवाज आला, दबका. “मॅडम, त्या बाईचं पाकीट राहू द्या. आवक रजिस्टरात रोज दोन ओळी कोऱ्या का असतात, ते विचारा.” नाव विचारायच्या आत फोन बंद.

मी अर्जाचे कागद पुन्हा काढले. शेवटच्या कागदाला एसटीचं तिकीट टाचलेलं होतं, त्या दिवशी आल्याचा पुरावा म्हणून. मोहोळ ते सोलापूर, त्याच तारखेचं. छापलेली वेळ दोन वाजून दहा मिनिटं. मोहोळहून एसटीला तासभर लागतो. म्हणजे अडीच वाजता बाई अजून वाटेत होती.

हवालदारांनी तिकीट पाहिलं आणि हसले. “बाईच खोटं बोलतीय, मॅडम. अर्ज निकाली काढू का?”

खरं सांगायचं तर माझाही हात पेनाकडे गेला होता. थांबले ती त्या फोनमुळे.

दुसऱ्या दिवशी सकाळी वसतिगृहाच्या कार्यालयात गेले. माहिती मागणारं पत्र दिलं आणि आवक लिपिकाच्या टेबलासमोरच खुर्ची ओढून बसले. “चालू द्या तुमचं काम,” म्हटलं. लिपिक, सगळ्यांचे भाऊसाहेब, पन्नाशीचे होते. चष्म्याला दोरी, अक्षर मोत्यासारखं. बावीस वर्षं आवक सांभाळत होते. त्यांनी सहा टपालं नोंदवली. मग दोन ओळींत नुसते क्रमांक टाकले, पुढची जागा कोरी सोडली आणि सातवं टपाल त्याखाली घेतलं. समोर गणवेशातली पोलीस बसलेली असताना!

“भाऊसाहेब, या दोन ओळी कुणाच्या?”

“येतंय की कुणाचं तरी,” ते मान वर न करता म्हणाले. “साहेबांच्या हातात परस्पर कागद येतात. त्यांना मागची वेळ नको का?”

मग आपण कोणाशी बोलतोय हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी पेन खाली ठेवलं. माणूस गुन्हा लपवतो, सवय लपवू शकत नाही. कारण ती त्याला दिसतच नाही.

पंचनामा करून रजिस्टर ताब्यात घेतलं. पुरवठादाराच्या पाकिटाची नोंद अशाच दोन ओळींपैकी एकीत होती, वेळ २.२५. पण ती मागाहून भरली, हे सांगणार कोण? भाऊसाहेबांना आठवत नव्हतं. बाकीचे सगळे त्या वेळी म्हणे जेवायला गेले होते. फोनवरचा तो दबका आवाज त्यांच्यातलाच कुणाचा तरी असणार, पण समोर यायला कोणी तयार नव्हतं.

मी बाईला पुन्हा बोलावलं. तिकीट टेबलावर ठेवलं.

“ताई, दोन दहाला मोहोळहून निघालेली एसटी अडीचला सोलापुरात कशी पोचली?”

तिने तिकीट उलटसुलट करून पाहिलं. “डायवर लई जोरात चालवत हुता म्हनू का?”

“म्हणा. मी लिहून घेते.”

“नगं,” ती म्हणाली. मग हळूच, “तीनच्या पुढंच पोचले मी. पाकीट घेतलं त्यांनी, पन उशिराचा शेरा मारला. सायबाच्या पाया पडून बघावं म्हनून बाकड्यावर साडेचारपतूर बसले.”

“त्या वेळात कोण आलं?”

“चारला तो पुरवठावाला आला. हातात पाकीट. मला म्हनतो, ‘मावशी, तुमचंबी भाकरीचंच का?’ आन हसला. आत गेला, मोकळ्या हातानं भाईर आला.”

मला हवा होता तो साक्षीदार समोर बसला होता. पण हा जबाब दिला, तर तिचं पाकीट उशिरा आल्याचं तीच लिहून देणार होती.

“खरं सांगितलं तर आमचं काम जातंय की.”

“हो. जातंय.”

“आन न्हाय सांगितलं तर?”

“तर त्याचं राहतंय.”

ती फोन घेऊन बाहेर गेली. जप्तीच्या मोटारसायकलींमध्ये उभी राहून गटातल्या बायकांशी बोलत होती. खिडकीतून ऐकू येत होतं : “व्हय, मलाच झाला उशीर. मी खोटं बोलले तुमाला. आगं, शिव्या घरी आल्यावर दे, आता काय करू ते सांग!” बराच वेळ ती नुसती ऐकत होती. आत आली तेव्हा डोळे पुसलेले होते. “लिवा,” म्हणाली.

तो जबाब वाचून दाखवल्यावर भाऊसाहेब खचले. पहिलं वाक्य होतं, “मॅडम, पैसे नाही घेतले हो.”

“ते मी विचारलं नाही. ओळी कोऱ्याच होत्या, मग त्या बाईचं पाकीट का नाही लावलं तिथं?”

त्यांनी खरोखर विचार केला. “तिनं विचारलं, ‘सायेब, उशीर झाला का?’ मी घड्याळ बघितलं, म्हणालो, झाला. तो माणूस विचारत नाही, मॅडम. तो सांगतो, लावून घ्या.”

इतकं सरळ उत्तर मला चौकशीत फार थोड्या वेळा मिळालं.

खोट्या नोंदीचा गुन्हा दाखल झाला, पुढे दोषारोपपत्रही गेलं. कार्यालयाने आधीची प्रक्रिया रद्द करून नव्याने कोटेशन मागवले. या वेळी कुलूपबंद पेटीत. आणि मी एक गोष्ट शिकले, जी प्रशिक्षणात कोणी शिकवली नव्हती. तक्रारदार आणि तक्रार या दोन वेगळ्या गोष्टी असतात. तक्रारदार खोटं बोलला, म्हणून त्याच्यावर झालेला अन्याय खोटा ठरत नाही. त्या आधी असे किती अर्ज मी एका तिकिटावरून निकाली काढले असतील, हे आता मोजता येणार नाही. ते मात्र आजही टोचतं.

दुसऱ्या वेळी गटाचं पाकीट वेळेत पोचलं, तरी काम मिळालं नाही. मंगळवेढ्याच्या एका गटाचा दर कमी होता. मला कळलं तेव्हा राहवलं नाही, फोन लावला.

“वाईट वाटलं का, ताई?”

“वाटनारच की. पन म्याडम, ह्या टायमाला आमचं पाकीट फोडलं त्यांनी. समद्यांम्होरं आमचा दर मोठ्यानं वाचला.” मग म्हणाली, “मंगळवेढ्याच्या बायका कशा परवडवत्यात, ते बघून येनार हाय मी.”