डाव्या बाजूचं झाकण

साठीला टेकलेली बाई गोदामागोदामांतून विमान शोधत फिरायली म्हटल्यावर लोक काय काय बोलतात, ते मला विचारा. बीदरजवळच्या कोळारच्या औद्योगिक वसाहतीत एका भंगारवाल्यानं तर तोंडावरच विचारलं, "अक्का, विमान कशाला पाह्यजे? उडून जायचंय का?" मी म्हटलं, "व्हय. तुला शेपटीला बांधून नेते, आधी दाखव तर." माझं तोंड हे असं आहे. बीदरच्या शाळेत तीस वर्षं पोरींना भूगोल शिकवला. तिथं जो आवाज चढला, तो निवृत्त झाल्यावरही उतरला नाही.

विमान मला नको होतं, माझ्या अप्पांना बघायचं होतं. अप्पा हवाई दलात फिटर होते. मशीन उडायच्या आधी तिचा एकेक बोल्ट तपासायचा आणि कागदावर सही करायची, हे त्यांचं काम. नोकरीची शेवटची वर्षं त्यांनी इथंच, बीदरला काढली. आता चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत, एका डोळ्यानं अंधुक दिसतं, दुसऱ्यानं त्याहून कमी. बीदरला लागूनच जनवाड्याला आमच्या घरी अंगणात त्यांची बाज असते. सकाळी शिकाऊ वैमानिकांची विमानं डोक्यावरून जायला लागली की अप्पा मान वर करून नुसत्या आवाजावरून सांगायचे, "हे नवं दिसतंय. वळताना घाबरायलंय." चहा निवून जायचा, पण शेवटचं विमान उतरल्याशिवाय कपाला हात लागत नसे.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. त्यांच्या काळातली काही विमानं इंजिनं काढून लिलावात गेली होती, आणि आपल्या बीदर-कलबुर्गीकडच्याच व्यापाऱ्यांनी त्यातली तीन-चार उचलली होती. त्या दिवसापासून अप्पांनी एकच धोशा लावला. "माय, मला आमचं विमान एकदा बघायचंय." कुठलंही नव्हे, एकच ठरावीक. माझा मोबाईल नंबर त्यांना आठवत नाही, पण त्या विमानाचा नंबर झोपेतून उठवून विचारला तरी सांगतील.

"कामून बघायचंय?" मी विचारलं.

"असंच," म्हणाले. बाज सोडून आत गेले.

अप्पा मुळात कमी बोलणारे. मी घरात दोघांच्या वाटणीचं बोलते, त्यामुळं त्यांचं न बोलणं कधी कुणाच्या लक्षात येत नाही. मला वाटलं, माणसाचा जीव असतो मशीनवर. शेतकऱ्याचा बैलावर असतो, तसा. म्हणून मी खोदून विचारलं नाही.

मग शोध सुरू झाला. कोळारला पाइपांच्या गोदामामागं ताडपत्रीखाली एक सापडलं, नाक नसलेलं. मी अप्पांना फोनवर नंबर वाचून दाखवला. "हे नव्हे." दुसरं तर हसावं की रडावं, आमच्या जनवाड्यातच निघालं. मी ज्या वाटेनं रोज दूध आणायला जाते, त्या वाटेवरच्या मळ्यात विमानाचं धड पडलं होतं आणि मालकानं त्याच्या पोटात ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी भरून ठेवली होती. मी त्याला टाकी समजत होते. "हे पण नव्हे," अप्पा म्हणाले. शेवटी आठवडी बाजारात एक डाळीचा व्यापारी म्हणाला, "खजुरीला आमच्या पाव्हण्यांच्या तुरीच्या गोदामात एक हाय बघा, अक्का."

खजुरी कलबुर्गीच्या आळंद तालुक्यात, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून. तीन बसा बदलून गेले. विमानाचे मालक सत्तरीचे, कपाळावर विभूती, बोलणं मराठीत सुरू करून कन्नडात संपवणारे. सगळं गाव त्यांना अण्णा म्हणतं, मीही म्हटलं. त्यांना गावात शाळा काढायची होती आणि शाळेपुढं चौथऱ्यावर विमान उभं करायचं होतं. शाळा काही झाली नाही. विमान राहिलं. तुरीच्या पोत्यांच्या थप्प्यांमध्ये ते उभं होतं, पंख उतरवून भिंतीला टेकवलेले, अंगावर बोटभर धूळ. मला कसंसंच झालं. अण्णांनाही माझ्यासमोर लाज वाटली असावी. सारखे म्हणत होते, "इथं कोण बघायला येतंय, अक्का?"

शेपटीवरचा नंबर पुसट झाला होता. अप्पांनी निघताना मला नीट पढवलं होतं. डाव्या बाजूला, पंखाच्या मागं, तळहाताएवढं झाकण आहे. चार स्क्रू काढ. आत पत्र्यावर मशीनचा नंबर ठोकलेला असतो, तो बघ. आणि शेवटी म्हणाले होते, "झाकण पण बघ."

मी अण्णांच्या माणसाकडून स्क्रू काढून घेतले. आत बॅटरी मारली. नंबर तोच! मी तिथं पोत्यांमध्ये एवढ्यानं ओरडले, की बाहेरची कबुतरं उडाली. झाकणही बघितलं. त्याच्या आतल्या बाजूला कुणीतरी टोकदार काहीतरी घेऊन गिरगटलं होतं. दोन ओळी, सगळ्या गोल गोल, वेटोळी. कन्नडासारखं वाटलं, पण कन्नड नव्हतं, कन्नड मला येतं. म्हटलं, कुणा कारट्यानं खिळा घेऊन आपली कला दाखवलीय. आमच्या शाळेतली बाकं अशीच असायची. मला फार राग आला. ज्या मशीनला अप्पांनी जीव लावला, तिची ही दशा.

मी अण्णांना म्हटलं, "पुढच्या महिन्यात अप्पांना घेऊन येते. तोवर हे असलं गिरगटलेलं तेवढं घासून काढा. आणि जमलं तर आतून-बाहेरून रंगाचा एक हात मारा. त्यांना वाईट वाटायला नको."

अण्णांचा चेहरा उजळला. "पाव्हणे येणार म्हणल्यावर आपण घर सारवतो की न्हाई, अक्का? हे तर काय! तुम्ही काळजी करू नका."

बसस्टँडवरून अप्पांना फोन लावला. नंबर जुळला म्हटल्यावर त्यांनी तो माझ्याकडून पुन्हा एकदा म्हणवून घेतला. मग विचारलं, "आणखी काय दिसलं?"

"आणखी काय दिसणार? धूळ हाय."

"झाकणावर?"

"अहो अप्पा, धूळच की! बस आली, ठेवते." आणि ठेवला. बस काही आली नव्हती. मला बसल्याजागी उगाच प्रश्न विचारलेले आवडत नाहीत, एवढंच.

महिन्यानं आम्ही गाडी करून गेलो. अप्पांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, वाटेत दोनदा बटणं तपासली. गोदामाचं दार उघडलं आणि मी बघतच राहिले. अण्णांनी पोती बाजूला काढून जागा मोकळी केली होती. पंख जोडले होते. विमान चांदीसारखं चमकत होतं, नाकावर झेंडूचा हार, चाकांपुढं नारळ. गोदामातली हमाल माणसं नवे टॉवेल खांद्यावर टाकून ओळीनं उभी होती. अण्णांनी वाकून अप्पांना नमस्कार केला. मला इतका अभिमान वाटला, की डोळे भरून आले. हे सगळं मी घडवून आणलं होतं ना!

अप्पा हसले नाहीत. त्यांनी नाक वर करून वास घेतला. रंगाचा वास अजून ताजा होता. मग पंखाला हात लावत लावत ते डाव्या बाजूला गेले आणि शर्टाच्या खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. लाकडी मुठीचा, त्यांच्या नोकरीतला. घरून घेऊन आले होते, मला पत्ता नव्हता. चार स्क्रू त्यांनी चाचपत स्वतः काढले. झाकण तळहातावर उलटं घेतलं आणि आतल्या बाजूवरून अंगठा फिरवला. एकदा, दोनदा. मग अंगठ्याचं नख फिरवलं. झाकण उजेडाकडं धरून डोळ्याला लावलं, पुन्हा खाली घेतलं. ते शोधतायत हे मला कळलं. काय शोधतायत हेही त्याच क्षणी कळलं.

अप्पा तुरीच्या पोत्यावर बसले. झाकण मांडीवर. आणि ज्या माणसानं मला आयुष्यात सलग चार वाक्यं ऐकवली नव्हती, तो बोलायला लागला.

"माझा एक दोस्त होता, माय. केरळचा. ह्या मशीनवर आम्ही दोघं. मी त्याला मराठी अक्षरं शिकिवली, त्यानं मला त्याची. एक दिवस काम संपल्यावर बोल्ट पिळायचे पाने मोजले, तर एक कमी. पाना विमानात राहिला तर माणूस मरतो. सगळी विमानं जागेवर थांबली. साहेबांनी विचारलं, शेवटी कुणाच्या हातात होता? मी त्याचं नाव घेतलं. त्याला शिक्षा झाली, बढती गेली. चौथ्या दिवशी पाना सापडला. माझ्याच रेनकोटच्या खिशात."

"मग?" मी विचारलं.

"मग काय. सांगितलं न्हाई कुणाला. इथंच बीदरला, पापनाशच्या तळ्यात टाकून आलो." अप्पांनी झाकण मांडीवर फिरवलं. "त्याला कळलं असंल. तो हुशार होता. त्याची बदली झाली, जाताना माझ्याशी बोलला न्हाई. पण दुसऱ्याजवळ निरोप ठेवला, की आपल्या झाकणाच्या आत तुझ्यासाठी लिवलंय. आमच्यात ती अक्षरं मलाच यायची, म्हणून. मी उघडलं न्हाई, माय. शिव्या असतील म्हणून भ्यालो. आज बघू, उद्या बघू. आठ दिवसांनी मशीन दुसरीकडं गेली. वर्षाच्या आत तो काविळीनं गेला."

अप्पांनी मान वर केली. माझ्या आवाजाच्या दिशेनं बघत त्यांनी विचारलं, "तू पहिल्यांदा उघडलीस, तवा ह्याच्यावर काही होतं का गं?"

अण्णा माझ्या शेजारी उभे होते. त्यांना सगळं माहीत होतं. रंग त्यांनीच दिलेला, पण सांगितलं मी होतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी त्यांच्याकडं बघितलं नाही.

"न्हाई अप्पा," मी म्हटलं. "काहीच नव्हतं. धूळ होती."

का म्हटलं? मी भ्याले. साठ वर्षांची बाई, भंगारवाल्यांना दरडावणारी, बापाच्या एका प्रश्नाला भ्याले. शिवाय तेच उत्तर फोनवर एकदा देऊन झालं होतं, ते जिभेवर तयार होतं. अण्णांनी एक शब्द काढला नाही. पाहुण्याच्या लेकीला तिच्या बापासमोर खोटं कसं पाडायचं? त्यांनी खाली वाकून अप्पांच्या हातात चहाचा कप दिला.

"म्हणजे लिवलंच न्हाई त्यानं," अप्पा म्हणाले. "निरोप खोटाच."

चहा संपवून त्यांनी झाकण जागेवर बसवलं, चारही स्क्रू घट्ट पिळले, आणि अण्णांना म्हणाले, "रंग चांगला दिलाय." निघताना अण्णांनी आमच्या गाडीत तूरडाळीचं पोतं टाकलं. मी नको नको म्हणत होते. त्यांनी ऐकलं नाही आणि माझ्याशी डोळाही मिळवला नाही.

घरी आल्यावर मी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला त्या दोन ओळी काढून बघितल्या. जेवढं आठवलं तेवढं. एक वेटोळं, त्याला शेपूट, मग दोन वेटोळी शेजारी शेजारी. चार वेळा काढलं, चारही वेळा वेगळं आलं. पिशवीत मोबाईल असून एक फोटो काढायचं सुचलं नाही मला. बीदरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात केरळची एक सिस्टर आहे, अप्पांना थेंब घालणारी. तिच्यापुढं तो कागद ठेवला. तिनं तो बघितला, फिरवला, परत फिरवला. मग फार मायेनं विचारलं, "टीचर, ह्याची वरची बाजू कुठली?"

मला तेही सांगता आलं नाही.

सांगून टाकावं असं रोज ठरवते. अप्पा, होतं. दोन ओळी होत्या. त्यानं लिहिलं होतं तुमच्यासाठी, आणि मीच ते घासायला लावलं. एवढंच सांगायचंय, पण गावभर चालणारी माझी जीभ इथं उचलत नाही. अप्पांनी एक पाना लपवला आणि जन्मभर आतल्या आत झुरले. मी त्यांचीच लेक.

खजुरीहून आल्यावर काही दिवसांतच अप्पांनी बाज अंगणातून आत घ्यायला लावली. ऊन लागतं म्हणाले. विमानं रोज जातात, ते मान वर करत नाहीत. चहा गरम असतानाच पितात. परवा सकाळी मी त्यांच्याजवळ बसून अण्णांनी दिलेली डाळ निवडत होते. वरून एक विमान गेलं, आवाज पार विरला, मग अप्पा म्हणाले, "बरं झालं माय, तू शोधून दिलंस. न्हाईतर मी उगंच मरेपर्यंत आस धरून बसलो असतो."

"व्हय अप्पा," मी म्हटलं, आणि डाळ निवडत राहिले.