घूं आणि सा

गाण्याच्या बाईंनी एक महिन्याची मुदत दिली. माझा सा चढा लागत होता. त्यांनी तंबोऱ्यावर तीनदा सा दिला आणि तिन्ही वेळा मी किंचित वर गेले.

"घरी रियाज करता ना?"

"रोज."

"मग महिनाभरानं बघू. नाहीच बसला तर गुरुवारच्या भजनाच्या वर्गाला या. तिथं सगळ्यांच्या आवाजात निभावून जातं."

बाई बड्या बाजारात राहतात. झाशीत मराठीतून ख्याल शिकवणारं दुसरं कुणी मला माहीत नाही. सा बसला नाही तर निवृत्तीनंतर सुरू केलेलं हे शिक्षण थांबणार होतं. भजनाच्या वर्गाला जायचं नाही, हे मी त्यांचा जिना उतरतानाच ठरवलं.

घरचा रियाज इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्यावर. तो एका अ‍ॅम्प्लिफायरला जोडलेला. अ‍ॅम्प्लिफायर नवऱ्याने तरुणपणी स्वतः बांधला. तो मोठे ट्रान्सफॉर्मर बनवणाऱ्या कारखान्यातून निवृत्त झाला. शेजारचा त्याचा मित्रही तिथलाच. दोघं चहाला बसले असताना मी मुदतीचं सांगितलं.

"वहिनी, साठीनंतर लोकांचं सगळं उतरतं," मित्र म्हणाला. "तुमचा सा चढतोय. तक्रार कसली करता?"

"आणि भजनात वाईट काय आहे गं?" नवरा म्हणाला.

"काही नाही. मला जायचं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी तंबोरा बंद ठेवून नुसता अ‍ॅम्प्लिफायर लावला. स्पीकरमधून बारीक घूं येत होती. आवाजाचं बटण शून्यावर आणलं, तरी येत होती. पेटीवर पांढरी पाच दाबली. तो माझा सा. घूं त्याच्या जरा वर होती, काळी चारपर्यंत न पोचणारी. मग अ‍ॅम्प्लिफायर बंद करून पेटीबरोबर गायले आणि मोबाइलवर ध्वनिमुद्रण केलं. सा जागेवर होता. अ‍ॅम्प्लिफायर लावून गायले. सा वर सरकला. तीन दिवस हेच केलं, तीन दिवस तेच आलं.

नवऱ्याने घूं नाकारली नाही. "ट्रान्सफॉर्मर घुमणारच. घुमत नाही तो बंद," म्हणाला. त्याची सगळी नोकरी ट्रान्सफॉर्मरशेजारी उभं राहून ऐकण्यात गेली. नाद एकसारखा असेल तर सगळं ठीक. बिघडला की धावायचं. त्याच्या मते आमचा जुना ट्रान्सफॉर्मर कमी पडत होता. त्याने मित्राच्या ओळखीने तिप्पट वजनाचा नवा गुंडाळून घेतला आणि त्याच पेटाऱ्यात कसाबसा बसवला. वीज लावून वर तळवा ठेवला.

"गरम नाही. थरथर नाही. नाद बघ कसा एकसुरी."

"क्या बात है," मित्र म्हणाला.

"घूं वाढली," मी म्हणाले.

"ताकद वाढली," नवरा म्हणाला.

या ताकदीपायी दहा दिवस गेले होते. मी ऑटो बोलावली, अ‍ॅम्प्लिफायर मांडीवर घेतला आणि सीपरी बाजारातल्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानदाराने झाकण काढलं आणि हसला.

"भाभीजी, रसोई में हाथी किसने बाँधा?"

दोष दोन होते. वीज गाळून सपाट करणारे दोन्ही कंडेन्सर सुकले होते. आणि आत येणाऱ्या आवाजाच्या नाजूक तारेला खेटून तो हत्ती बसला होता. त्याची गुणगुण तारेत उतरत होती.

"इससे अच्छा नया स्पीकर ले लीजिए."

"नया नहीं चाहिए. इसी को ठीक कीजिए. और हाथी को बाहर निकालिए."

"भाईसाहब नाराज़ होंगे."

"होने दीजिए."

दोन दिवसांनी अ‍ॅम्प्लिफायर घरी आला. कंडेन्सर नवे, मोठे. ट्रान्सफॉर्मर वेगळ्या लोखंडी डब्यात, हातभर केबल सोडून. नवऱ्याने वीज लावून स्पीकरला कान लावला.

"लागला नाही. फ्यूज गेला असेल."

मी तंबोरा सुरू केला. तो स्वच्छ वाजला. नवऱ्याने डबा उघडून तारांच्या जोडावरचा सोल्डरचा एकेक डाग तपासला. "डाग बरे दिलेत," एवढंच म्हणाला.

घूं गेली, पण सवय गेली नाही. पेटीचा आधार नसला की पहिला आठवडा सा तसाच चढा लागत राहिला.

"वहिनी, मशीन तर सुधारलं. आता?" मित्राने फाटकातून विचारलं.

"आता माझी पाळी."

सकाळ-संध्याकाळ फक्त सा. एकही बंदिश नाही. नवरा पेपर घेऊन अंगणात बसू लागला. मी दार लावलं नाही.

महिना भरला त्या दिवशी बाईंनी तंबोरा लावला. मी सा लावला. त्यांनी पुन्हा तारा तपासल्या आणि पुन्हा लावायला सांगितला. तिसऱ्यांदाही तो हलला नाही.

"काय बदललंत?"

"अ‍ॅम्प्लिफायरचा वीजपुरवठा."

"म्हणजे दोष यंत्राचा, तुमचा नाही?"

"निम्मा यंत्राचा."

"बरं. रे म्हणा."

मी म्हटला. तो उतरला होता.

"आता हाही यंत्राचाच का?"

"नाही, हा माझा," मी म्हणाले. "पण त्याला महिना नको. तंबोरा ठेवू नका, इथंच बसवते."

बाईंनी तंबोरा खाली ठेवला नाही.